कॅनडा कॉर्नरवरून १८६५

कॅनडा कॉर्नरचा सिग्नल लाल आहे. तुमच्यापुढे सिटीलिंकची बस, बाजूला मिसळीचं पार्सल हँडलला अडकवलेला दुचाकीवाला, मागे उगाचच हॉर्न वाजवणारा कुणीतरी. शरणपूर रोड हा तुमचा रोजचा रस्ता. या नावाचं एक वेगळं गाव इथे होतं, हे लक्षात ठेवायला या रस्त्याला फुरसत नाही. इंजिन बंद करा. सिग्नलवरचे आकडे शून्यावर यायच्या आत आपल्याला १८६५ च्या भाद्रपदात पोचायचं आहे.

बस जाते आणि तिच्यामागून डांबरही जातं. पायाखाली काळ्या मातीचा चिखल, टाच टाकली की वहाण आतच राहते. दोन्ही बाजूंना बाभळी, मधूनच एखादी चिंच. समोर ढग फाटले की अंजनेरीचा डोंगर दिसतो. नाशिक तुमच्या पाठीमागे मैल-दीड मैलावर आहे. ते अजून जिल्ह्याचं ठिकाणही झालेलं नाही. त्याला १८६९ साल उजाडावं लागेल. आगगाडी मात्र आली आहे. थळ घाटाची चढण याच वर्षीच्या १ जानेवारीला खुली झाली, त्यामुळे मुंबईहून यायला आता घाटात बैल बदलावे लागत नाहीत.

गावात पितृपक्ष चालू आहे. रामकुंडावर मुंडण केलेली डोकी, दर्भ, भाताचे पिंड, कावळ्यांची गर्दी. तिथला उपाध्याय तुमचं गाव आणि आडनाव विचारतो, बासनातून लांबट वही काढतो आणि तुमच्या खापरपणजोबांनी कधी इथे येऊन काय दान केलं ते वाचून दाखवतो. माणूस म्हणजे त्याच्या मागच्या सात पिढ्या, असा या गावाचा हिशेब आहे. तो लक्षात ठेवा, कारण आता तुम्ही जिथे शिरणार आहात तिथे मागची एकसुद्धा पिढी ठाऊक नसलेली मुलं राहतात.

घंटा होते. देवळातल्यासारखी कुणीही जाता-येता वाजवलेली नव्हे. वेळेवर होणारी, शाळेची असते तशी. कौलारू घरांची रांग, एक शाळा, एक कारखाना, प्रार्थनेची जागा. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री नाशकात १८३२ पासून आहेत, पण गावाबाहेर ही वसाहत उभी केली ती विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने, १८५४-५५ च्या सुमारास. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला गावातल्या विहिरीवर पाणी मिळत नाही, वाड्यात खोली मिळत नाही, न्हावी दाढी करत नाही, सुतार कामाला ठेवून घेत नाही. म्हणून त्यांचं गावच वेगळं, आणि त्या गावात पोट भरायला धंदे. पुढे मुंबईहून आफ्रिकी मुलं आली. नाशिककर त्यांना ‘हबशी पोरं’ म्हणतात आणि अधूनमधून लांबून बघायला येतात.

तुम्हाला इथे कुणी हटकत नाही. लोहारकामाच्या पडवीत एक पोरगा तुमच्याकडे बघतो, भात्याची दोरी तुमच्या हातात देतो आणि स्वतः ऐरणीकडे वळतो. ओढा. एकसारखी ओढायची; झटके दिलेत तर निखारा उडतो आणि लोखंड नीट लाल होत नाही. तो पोरगा पंधराएक वर्षांचा असेल. कपाळावर आणि गालांवर त्याच्या जमातीच्या खुणा कोरलेल्या आहेत, अंगात मिशनचा सदरा आहे. तो तुमच्याशी मोडक्या हिंदुस्थानीत बोलतो, शेजारच्या सुताराशी मराठीत, शिकवणाऱ्या साहेबाशी इंग्रजीत. आईशी ज्या भाषेत बोलला असेल त्या भाषेतलं इथे कुणाला कळेलच असं नाही, कारण सगळी मुलं एका मुलखातली नाहीत. बरीचशी न्यासा सरोवराच्या बाजूची याओ आहेत, काही आणखी उत्तरेकडची.

इथवर येण्याची प्रत्येकाची गोष्ट थोडीफार सारखीच. गावावर धाड, किनाऱ्यापर्यंतची चाल, अरबी गलबताच्या तळाशी कोंबलेली माणसं, मग समुद्रात दिसलेलं इंग्रजांचं लढाऊ जहाज. गुलामांचा व्यापार रोखण्याची गस्त होती. गलबत पकडलं की माणसं सोडवायची आणि बऱ्याचदा मुंबईला आणून उतरवायची. पण सोडवलेल्या आठ वर्षांच्या मुलाने मुंबई बंदरावर उतरून जायचं कुठे? सरकारने त्यांना कुणाकुणाच्या हवाली केलं. त्यातली काही मिशनच्या वाट्याला आली आणि घाट चढून इथे पोचली.

दुसरी घंटा. हातोडे थांबतात, रंध्याखालचा भुसा झाडून बाजूला होतो, मुलं हात धुतात. संध्याकाळची प्रार्थना. तुम्ही मागच्या बाकावर बसा. मुलं स्तोत्र म्हणतात, एक जण उभा राहून बायबलातला उतारा वाचतो, मग सगळे गुडघे टेकतात. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात सकाळची प्रार्थना ठरलेली, संध्याकाळची ठरलेली, लग्नाची ठरलेली, पुरण्याची ठरलेली. रोज तेच शब्द. कंटाळलेला एक छोटा बाकाखालून दुसऱ्याच्या पायाला चिमटा काढतो. मागून एक मोठा मुलगा त्याच्या डोक्यात हलकी टपली मारतो. ‘आमेन’ मात्र सगळ्यांचं एका दमात येतं.

आजच्या कॅथलिक कॉलेजांत या कामाला कॅम्पस मिनिस्ट्री असं नाव आहे. चॅपल असतं, विद्यार्थ्यांची विचारपूस करणारा फादर असतो, सुट्टीत रिट्रीट असतं, आणि यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तुम्ही ज्या वर्षात बसला आहात त्यात यातलं काही आलेलं नाही. जर्मन जेझुइट मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज काढतील १८६९ मध्ये. नाशिक रोडच्या बाळ येशूची फेब्रुवारीतली यात्रा, १९८७ साली पुण्यापासून वेगळा झालेला नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत, हे सगळं खूप पुढचं. शरणपूर प्रॉटेस्टंट आहे आणि इथे ऐच्छिक असं फारसं काही नाही. जेवण, शाळा, ऐरण, प्रार्थना एकाच घंटेवर चालतात. मुलाने नको म्हटलं तर त्याने जायचं कुठे, हा प्रश्न मला इथे पुन्हा पुन्हा पडतो आणि त्यावर ‘त्या काळी तसंच होतं’ हे उत्तर पुरत नाही. दुसरीकडे, याच घंटेने त्यांना गुलामांच्या बाजारातून उचलून लोहार आणि सुतार केलं, तीन भाषा दिल्या, हेही तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दोन्ही खरं आहे.

बाहेर पडण्यापूर्वी मुलांना हाका मारताना ऐका. एडवर्ड गार्डनर. सायमन प्राइस. रिचर्ड आयझेनबर्ग. अब्राम. प्राइस हे इथल्या पाद्रीसाहेबांचंच आडनाव. आयझेनबर्ग हे मुंबईत या मुलांचं काम पाहिलेल्या जर्मन पाद्र्याचं. उपाध्यायाच्या वहीत माणूस त्याच्या पणज्याच्या नावाखाली सापडतो, इथे त्याच्या पाद्र्याच्या. या मुलांना जन्मतः दुसरी नावं होती. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून पुढे गाजलेल्या मुलाचं घरचं नाव चेंग्विंबे होतं. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं आणि चेंग्विंबे आत राहिला.

गेल्याच वर्षी, १८६४ मध्ये, इथून तिघे जण पूर्व आफ्रिकेला रवाना झाले आहेत: विल्यम जोन्स, इश्मायल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड. मोंबासाजवळ रबाईला मिशनचं काम करायला. आणि आता, या सप्टेंबरात, स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत उतरला आहे. त्याला नाईलचा उगम शोधायचा आहे, गुलामांचा व्यापार बंद पाडायचा आहे, आणि त्या मुलखाची भाषा कळणारी माणसं हवी आहेत. शरणपुरातले नऊ जण त्याच्याबरोबर जायला निघतात.

चला, तुम्हीही. १८६६ च्या जानेवारीत ‘थुले’ नावाच्या आगबोटीवर मुंबई सोडायची आणि एप्रिलमध्ये रोवुमा नदीच्या बाजूने आत शिरायचं. काफिला बघून तुम्हाला हसू येईल: मुंबईचे १३ शिपाई, जोहाना बेटावरचे १०, नाशिकचे ९, शुपांगाचे २, याओ २, त्यांच्यासोबत सहा उंट, तीन म्हशी, एक रेडकू, दोन खेचरं आणि चार गाढवं. म्हशी हिंदुस्थानातूनच नेल्या आहेत, त्से-त्से माशी चावल्यावर त्या तगतात का ते बघायला. नाही तगल्या. उंटही मेले, आणि त्यांना वाईट वागवलं म्हणून लिव्हिंग्स्टन शिपायांवर आणि नाशिकच्या मुलांवरही चिडला. पुढची कित्येक वर्षं त्याच्या रोजनिशीत या मुलांबद्दल तक्रारी आहेत: आळशी आहेत, मागे रेंगाळतात, ऐकत नाहीत. रिचर्ड वाटेतच आजारी पडून गेला. काही जण पुढे सोडून गेले. मिशनच्या अहवालांत ही मुलं नेहमी भाविक आणि कृतज्ञ असतात. रोजनिशीतली मुलं मला जास्त ओळखीची वाटतात.

याओ मुलखात, मताका या सरदाराच्या गावाजवळ, थोडं थांबा. एक माणूस अब्रामकडे टक लावून बघतो आहे. तो त्याचा काका निघतो. गालावरच्या खुणांचं गाव, वाडी, घर, सगळं जुळतं. काका सांगतो: तुला पळवलं, त्यानंतर तुझी आई आणि दोन्ही बहिणी विकल्या गेल्या. आता तू इथेच राहा. लिव्हिंग्स्टनही म्हणतो, राहा. अब्राम राहत नाही. आई नाही, बहीण नाही, तिथे थांबून काय करू, असं त्याचं म्हणणं. रामकुंडावरच्या उपाध्यायाने वही उघडली असती तर याच्यासमोर एकदम सात पिढ्या उभ्या राहिल्या असत्या. आणि हा पोरगा ती वही मिटून पुढे चालायला लागतो. याला मुक्ती म्हणायचं की सर्वनाश, ते मला ठरवता येत नाही. लिव्हिंग्स्टनलाही आलं नसावं.

सहा वर्षं उडी मारा. १८७२. नाशकात सिंहस्थ, आणि त्याच सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर. त्याच वर्षी शरणपुरात शिकलेली दुसरी तुकडी झांजिबारहून आत निघाली आहे, लिव्हिंग्स्टनला शोधून काढणाऱ्या स्टॅन्लीने त्याच्यासाठी पाठवलेल्या माणसांसोबत: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फारर, रिचर्ड आणि बेंजामिन रटन. १८३२ मध्ये नाशकात आलेल्या पहिल्या पाद्र्यांपैकी एकाचं आडनाव फारर होतं. चाळीस वर्षांनी ते नाव एका आफ्रिकी तरुणाच्या अंगावर चढून दलदलीतून ओझं वाहतं आहे. जुन्या तुकडीतले गार्डनर आणि मबरुकी अजून टिकून आहेत.

१८७३ चा मे, इलाला मुलूख, चितांबो सरदाराचं गाव, आजच्या झांबियात. लिव्हिंग्स्टन पहाटे खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मेलेला सापडला आहे. आता इथे एकही गोरा माणूस नाही. कुणी घंटा वाजवणार नाही, कुणी हजेरी घेणार नाही. सुसी आणि चुमा हे काफिल्याचे प्रमुख. चुमा हाही सोडवलेलाच मुलगा, पण तो मुंबईत डॉ. विल्सनच्या शाळेत होता. सगळे बसून ठरवतात: प्रेत समुद्रापर्यंत न्यायचं. प्रेत बरोबर घेऊन चालणं या मुलखात अपशकुन. कळलं तर गावकरी हल्ला करतील. तरी न्यायचं.

हृदय आणि आतडी काढून एका डब्यात घालून झाडाखाली पुरतात. खड्ड्याशी जेकब वेनराइट उभा राहतो आणि पुरण्याची प्रार्थना वाचतो. तिचं पुस्तक तुम्ही शरणपुरात ऐकलं आहे. ज्या पुस्तकात सकाळ-संध्याकाळ ठरलेली होती त्यातलीच. त्या बाकांवरची रोजची रटाळ पाठांतरं, तो बाकाखालचा चिमटा, ती टपली, हे सगळं जिथे खरं उपयोगी पडलं ती ही जागा. मला विचाराल तर शरणपूरच्या शिकवणीबद्दल काही म्हणायचं असेल तर इथे उभं राहून म्हणावं, नाशकात नव्हे. तिथे प्रार्थना शाळेची होती. इथे ती कुणी म्हणायला सांगितलेली नाही.

मग जेकब झाडाच्या बुंध्यावर कोरतो. शरणपुरात पटाशी धरलेल्या मुलांना लाकडात अक्षरं उमटवायची भीती वाटत नाही. लिव्हिंग्स्टनचं नाव, ४ मे १८७३ ही तारीख, आणि खाली काफिल्यातल्या तिघांची नावं. पुस्तकांतून १ मे छापली जाते. झाडावर चार होती. स्वतःचं नाव त्याने कोरलं नाही.

प्रेत मीठ लावून चौदा दिवस उन्हात सुकवलं, कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातलं, वरून शिडाचं कापड शिवलं. पुढचे नऊ महिने, दीड हजार किलोमीटरहून जास्त चाल. वाटेत उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरा. काफिल्याने नाही म्हणून सांगितलं. लोकांना संशय येऊ लागला तेव्हा खोटी अंत्ययात्रा काढून परत पाठवली आणि खरं प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून पुढे नेलं. रोजनिशीतल्या आळशांपैकी टिकलेले यांच्यातच होते.

१८७४ च्या फेब्रुवारीत तुम्ही बागामोयोला पोचता आणि इथे एक गंमत आहे. समुद्रकाठी नारळाच्या राईत घंटा होते, आणि तुमचे पाय आपोआप थबकतात. कौलारू घरं, शाळा, शेत, कारखाना, चॅपल. शरणपूरच जणू, फक्त कॅथलिक. फ्रान्सच्या होली घोस्ट फादरांनी १८६८ मध्ये ही वसाहत सुरू केली, तीही गुलामगिरीतून सोडवलेल्या मुलांसाठीच. रोज मिस्सा, जपमाळ, लॅटिन गाणी, मग कुदळ. एका प्रॉटेस्टंट स्कॉटिश माणसाचं प्रेत इंग्लंडच्या मंडळीत वाढलेल्या तरुणांसह आफ्रिकी माणसं खांद्यावर घेऊन येतात आणि फ्रेंच कॅथलिक फादर दार उघडून ते आपल्या चॅपलमध्ये ठेवून घेतात. युरोपात या दोघांच्या मंडळ्या एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हत्या.

बागामोयोहून जहाज, झांजिबार, एडन, साउदॅम्प्टन. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत जेकब वेनराइट आहे. सुसी आणि चुमा नाहीत. त्यांना वेळेवर कुणी बोलावलंच नाही. जेकबला नेलं, कारण त्याचं भाडं मिशनने दिलं. इंग्रजी बोलणारा, सदरा-कोट घातलेला, बायबल वाचणारा आफ्रिकी तरुण मिशनला सभांमध्ये दाखवायला बरा होता. हे कडवट वाटलं तर वाटू द्या.

त्याच सुमारास शरणपूरच्या पडव्या रिकाम्या होतात. झांजिबारच्या सुलतानाने १८७३ मध्ये गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला, तो मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या खटपटीने. आता सोडवलेल्या माणसांना समुद्रापार मुंबईला आणायची गरज नाही. मोंबासाजवळच वसाहत करायची. तिचं नाव फ्रियर टाउन, आणि ती उभारायला प्राइसच जातो. शरणपूरची माणसं बरोबर जातात. सुतार, लोहार, मास्तर, त्यांच्या बायका. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. ते कोट-पाटलोण घालतात, इंग्रजीत पत्रं लिहितात आणि गोऱ्या पाद्र्यांशी पगारावरून भांडतात. पाद्र्यांना ही मंडळी शिरजोर वाटते. १८८१ च्या सुमारास तिथल्या स्ट्रीटर नावाच्या इंग्रज व्यवस्थापकाने माणसांना फटके मारल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि निस्तरायला म्हाताऱ्या प्राइसला पुन्हा यावं लागलं. बॉम्बे आफ्रिकनांपैकी काही जण मिशन सोडून दुसरीकडे नोकरीला गेले. कसब हातात होतंच.

जोन्स आणि सेम्लर राहिले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने दोघांना दीक्षा देऊन डीकन केलं. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेला लागला आणि जोन्सला बरोबर घेतलं. एका टप्प्यावर त्याने जोन्सला बराचसा काफिला घेऊन मागे थांबायला सांगितलं आणि स्वतः पन्नासएक माणसांनिशी पुढे गेला. २९ ऑक्टोबरला बुसोगात त्याला मारलं. जोन्स आठवडे मोजत थांबला. वाचून आलेल्या चौघा-पाचांकडून बातमी कळली तेव्हा त्याने उरलेल्यांना गोळा केलं आणि परत फिरला.

१८८६ च्या फेब्रुवारीत तुम्ही रबाईच्या टेकडीवर उभे आहात. खालून काफिला येतो आहे, थकलेला, अर्ध्या ओझ्यांचा. पुढच्या माणसाच्या हातात निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: ईखाबोद. बायबलातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात देवाच्या कराराचा कोश शत्रूच्या हाती पडतो, नवरा आणि सासरा एकाच दिवशी जातात, तेव्हा बाळंत होऊन मरणारी बाई आपल्या मुलाचं हे नाव ठेवते. वैभव गेलं, असा त्याचा अर्थ. काफिल्यात गोरा माणूस एकही नाही, तेव्हा हा शब्द कुणी सांगून लिहिलेला नसणार. टेकडीवर जमलेल्या बायका निशाण वाचू शकत नाहीत. त्या माणसं मोजताहेत.